प्रस्तावना : नमुना ॲप्लिकेशन आणि डिप्लॉयमेंटच्या दोषांचा तपास

अपाची टॉमकॅट या सर्व्हरच्या माहितीपुस्तिकेबरोबर गेली कित्येक वर्षे एक अगदी लहानसे वेब-ॲप्लिकेशन दिले जात आहे. ‘सॅम्पल’ एवढेच त्याचे नाव. त्यात एक एचटीएमएलचे पान, एक जेएसपीचे पान, ‘हॅलो’ नावाचा एक सर्व्हलेट, टॉमकॅटच्या मांजराचे एक चित्र आणि वेब डॉट एक्सएमएल ही व्यवस्थेची फाइल, यांखेरीज फारसे काही नाही. आणि ही सर्व सामग्री एका वॉर फाइलीत बांधली असता तिचा आकार थोड्याशा किलोबाइटांपलीकडे जात नाही. नवशिका माणूस ते एकदा चालवून पाहतो, पडद्यावर अभिवादनाची ओळ उमटलेली पाहून समाधान पावतो, आणि पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. माझे मत असे आहे की, ज्याला जावा वेब-ॲप्लिकेशनच्या डिप्लॉयमेंटमध्ये उद्भवणाऱ्या दोषांचा तपास पद्धतशीरपणे करावयाचा आहे, त्याच्यापाशी याहून उपयुक्त साधन दुसरे नाही. आणि या पुस्तकातील सर्व प्रकरणे या एका मताचाच विस्तार आहेत.

हे मत पटण्यासाठी डिप्लॉयमेंटचा दोष स्वभावतः कोणत्या जातीचा असतो, याचा आधी विचार करावयास हवा. प्रोग्रॅमरच्या टेबलावरील संगणकात निर्वेधपणे चालणारे ॲप्लिकेशन सर्व्हरवर ठेवताच बंद पडते, तेव्हा त्याच्या तर्करचनेत बहुधा एका अक्षराचाही फरक झालेला नसतो. फरक झालेला असतो तो सभोवतालच्या परिस्थितीत: जावाची आवृत्ती वेगळी, टॉमकॅटची आवृत्ती वेगळी, फाइलींची मालकी वेगळ्या वापरकर्त्याकडे, डेटाबेसचा पत्ता निराळा, आणि अक्षरे साठविण्याचा संकेतही कदाचित निराळा. ॲप्लिकेशन आपल्या जागी बरोबर असते, सर्व्हरही आपल्या जागी बरोबर असतो, आणि तरीही उभयतांमधील करार कोठेतरी मोडलेला असतो. म्हणूनच केवळ आपल्याच कोडकडे टक लावून बसणाऱ्या माणसाला हा दोष दिवसेंदिवस दिसत नाही, आणि केवळ सर्व्हरची व्यवस्था पाहणाऱ्या माणसालाही दिसत नाही; दोघेही आपापल्या बाजूची निर्दोषता शपथेवर सांगतात, आणि ती शपथ खरीही असते.

‘करार’ हे मी आलंकारिक अर्थाने म्हणत नाही. तो लेखी आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९७ साली सर्व्हलेटची पहिली नियमावली सिद्ध केली, आणि १९९९ साली आलेल्या २.२ या आवृत्तीने ‘वेब-ॲप्लिकेशन’ हा स्वतंत्र, स्थलांतर करता येण्याजोगा घटक मान्य करून त्याच्या अंतर्गत रचनेचा शिरस्ता घालून दिला. कंपाइल केलेले क्लास वेब-इन्फ या फोल्डरातील ‘क्लासेस’मध्ये असावेत, बाहेरून घेतलेल्या जार फाइली ‘लिब’मध्ये असाव्यात, वेब-इन्फच्या आतील कोणतीही वस्तू ब्राउझरला थेट मिळू नये, आणि कोणत्या पत्त्यावर कोणत्या सर्व्हलेटने उत्तर द्यावे हे वेब डॉट एक्सएमएलमध्ये नमूद करता यावे, ही कलमे त्या वेळेपासून आजतागायत कायम आहेत. त्याच १९९९ साली, सनमध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिलेला संदर्भ-सर्व्हर अपाचीच्या स्वाधीन करण्यात आला व तो टॉमकॅट या नावाने जगापुढे आला. पुढे चौथ्या आवृत्तीत क्रेग मॅक्लानाहन यांनी नव्याने रचलेला ‘कॅटलिना’ हा त्याचा गाभा झाला, आणि म्हणूनच आजही त्याच्या मुख्य लॉगचे नाव कॅटलिना असेच आहे. करार लेखी असल्याचा मोठा लाभ असा की, तो मोडला असता कोणते कलम मोडले हे निश्चितपणे सांगता येते. ज्याला तपास करावयाचा आहे त्याने हीच श्रद्धा मनाशी बाळगून कामाला बसावे. यंत्राला लहर येत नाही.

आता सॅम्पलकडे वळू. त्याच्या पहिल्या पानावर दोन दुवे आहेत, एक जेएसपीकडे नेणारा आणि दुसरा सर्व्हलेटकडे नेणारा. म्हणजे ते पान धरून पाहण्याजोग्या जागा तीन झाल्या. या तीन जागा सर्व्हरच्या तीन निरनिराळ्या सामर्थ्यांची परीक्षा घेतात, हे ध्यानात आले म्हणजे या क्षुल्लक दिसणाऱ्या रचनेमागील शहाणपण प्रत्ययास येते. एचटीएमएलचे पान उघडले, तर एवढे सिद्ध झाले की सर्व्हर चालू आहे, आपली विनंती त्याच्या ८०८० या पोर्टपर्यंत पोहोचते आहे, वॉर फाइल त्याला सापडली आहे, वेब डॉट एक्सएमएल वाचताना त्याला काही अडलेले नाही, आणि ज्या वापरकर्त्याच्या नावाने टॉमकॅट चालतो त्याला त्या फाइली वाचण्याची मुभा आहे. जेएसपीचे पान उघडले, तर त्याहून अधिक सिद्ध झाले. कारण जेएसपी जशीच्या तशी पाठविली जात नाही, टॉमकॅटमधील ‘जॅस्पर’ हा विभाग तिचे प्रथम जावामध्ये रूपांतर करतो, मग तिचा क्लास तयार करतो आणि तो ‘वर्क’ नावाच्या फोल्डरात ठेवून देतो, तेव्हा कंपायलर कार्यक्षम आहे व त्या फोल्डरात लिहिण्याची परवानगीही आहे, असा दाखला आपोआप मिळाला. सर्व्हलेटने उत्तर दिले, तर शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सिद्ध झाली: अन्यत्र, अन्य वेळी, कदाचित अन्य आवृत्तीच्या जावाने कंपाइल केलेला क्लास या सर्व्हरला वाचता येतो, त्याचे पूर्वज त्याला सापडतात, आणि वेब डॉट एक्सएमएलमधील पत्त्याची नोंद त्याला मान्य आहे.

आपले स्वतःचे ॲप्लिकेशन बंद पडले असता त्याच सर्व्हरवर, त्याच फोल्डरात, त्याच्या शेजारी सॅम्पल ठेवावे आणि या तिन्ही जागा पाहून घ्याव्यात. तिन्ही उघडल्या, तर संशयितांच्या यादीतील अर्धी नावे मिनिटभरात गळून पडतात आणि तपास आपल्या वॉर फाइलीपुरता उरतो. एखादी अडली, तर आपल्या कोडला हात लावण्याचे कारणच उरत नाही. नमुन्याचे सारे मोल त्याच्या अल्पत्वात आहे. सनने जावाच्या उद्योग-आवृत्तीचे (एंटरप्राइझ एडिशनचे) सामर्थ्य दाखविण्यासाठी ‘जावा पेट स्टोअर’ नावाचे मोठे नमुना ॲप्लिकेशन प्रसिद्ध केले होते, आणि रचनेच्या अभ्यासाला ते उपयोगी होते यात शंका नाही. परंतु ज्याच्यात डेटाबेस आहे, निरोपांची व्यवस्था आहे आणि अनेक थरांची गुंतागुंत आहे, ते बंद पडले तर त्याचाच स्वतंत्र तपास करावा लागेल, आणि कसोटीला लावावयाची वस्तू स्वतःच संशयास्पद असून चालत नाही.

नमुन्याचा दुसरा उपयोग मला याहून श्रेष्ठ वाटतो. दोष समोर येतो तेव्हा आपल्याला त्याचे रूप दिसते व कारण दिसत नाही. परंतु निर्दोष नमुना घेऊन त्यात आपल्या हाताने एकच दोष उत्पन्न केला, तर कारण आधीच ठाऊक असते आणि त्याचे रूप कसे असते ते निवांतपणे पाहता येते. वेब डॉट एक्सएमएलमध्ये सर्व्हलेटच्या पत्त्याआधीची तिरकी रेघ काढून टाका: एवढ्याशा रेघेसाठी संपूर्ण ॲप्लिकेशन सुरू होण्याचे नाकारते, आणि जे एचटीएमएलचे पान त्या सर्व्हलेटवर कोणत्याही अर्थाने अवलंबून नाही तेही ४०४ दाखवू लागते. त्याच फाइलीत पहिल्या ओळीआधी एक रिकामी ओळ सोडा: एक्सएमएल वाचणारा भाग तक्रार करतो ती रिकाम्या जागेविषयी करीत नाही, ‘एक्सएमएल’ हे नाव येथे चालणार नाही अशा गूढ शब्दांत करतो. ही दोन रूपे एकदा डोळ्यांखालून गेलेला माणूस ती पुन्हा कोठेही ओळखतो. पुस्तकातील बहुतेक प्रकरणे याच पद्धतीने रचली आहेत.

या सर्व दोषांत एक दोष असा आहे की त्याचे विवेचन प्रस्तावनेतच करणे मला अगत्याचे वाटते, कारण गेल्या काही वर्षांत जुनी ॲप्लिकेशने नव्या सर्व्हरवर नेणाऱ्या बहुतेकांची त्याच्याशी गाठ पडली आहे. ओरॅकलने २०१० साली सन कंपनी विकत घेतली. २०१७ साली तिने जावाच्या उद्योग-आवृत्तीचा कारभार इक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविण्याचे ठरविले. पुढील वर्षी त्या आवृत्तीस जकार्ता हे नवे नाव मिळाले. आणि नावांच्या स्वामित्वाविषयी उभय पक्षांत जी तडजोड झाली तिच्यामुळे ‘जावाएक्स’ या जुन्या नावाखाली नवी भर घालण्याचा मार्ग बंद झाला. परिणामी २०२० साली जकार्ताच्या नवव्या आवृत्तीत सर्व्हलेट आणि त्याच्या परिवारातील सगळ्या पॅकेजांची नावे ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागली. टॉमकॅट ९ जुनी नावे ओळखतो, टॉमकॅट १० नवी. या बदलाने वर्तनात फरक झाला नाही, केवळ नावात झाला. आणि जावाचा एक क्लास दुसऱ्याचा उल्लेख केवळ नावानेच करीत असल्यामुळे तेवढा फरक पुरेसा आहे.

टॉमकॅट ९ बरोबर आलेले सॅम्पल उचलून टॉमकॅट १० मध्ये ठेवून पाहा. एचटीएमएलचे पान उघडते. जेएसपीचे पानही उघडते, कारण ती जेएसपी नव्या सर्व्हरवर नव्याने कंपाइल होते व आपोआप नव्या नावांशी जोडली जाते. सर्व्हलेट मात्र कोसळतो. ब्राउझरला ५०० हा क्रमांक मिळतो आणि लॉगमध्ये जुन्या नावाचा एचटीटीपी-सर्व्हलेट हा क्लास सापडत नाही अशी स्पष्ट नोंद होते. येथवर सर्व ठीक आहे. आता तोच सर्व्हलेट वेब डॉट एक्सएमएलऐवजी क्लासवर लिहिलेल्या ॲनोटेशनने जाहीर केलेला असेल, तर काय होते? टॉमकॅट १० जुन्या नावाच्या ॲनोटेशनकडे लक्षच देत नाही. तो सर्व्हलेट त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. ५०० येत नाही, लॉगमध्ये तक्रारीची एक ओळही येत नाही, येतो तो केवळ ४०४. कारण एकच, परंतु एका ठिकाणी सर्व्हर मोठ्याने सांगतो व दुसऱ्या ठिकाणी मौन धरतो. आणि ४०४ पाहून पत्त्यातील चूक शोधू लागलेला माणूस संध्याकाळपर्यंत पत्ताच तपासत बसतो. यावर एक खोटा उपाय फार सुचतो, तो म्हणजे जुन्या नावांच्या सर्व्हलेट-क्लासांची जार फाइल आणून वेब-इन्फमधील ‘लिब’मध्ये टाकणे. तसे केले असता क्लास सापडतो खरा, पण टॉमकॅट १० त्याला सर्व्हलेट म्हणून स्वीकारीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने त्या क्लासचा पूर्वज कोणी परकाच असतो. खरे उपाय दोनच: मूळ कोडमधील नावे बदलून पुन्हा कंपाइल करणे, किंवा टॉमकॅटच्याच मंडळींनी तयार केलेल्या रूपांतर-साधनातून वॉर फाइल काढणे; टॉमकॅट १० मध्ये ‘वेबॲप्स-जावाईई’ नावाचे फोल्डर करून त्यात जुनी वॉर फाइल ठेवली, तर हे रूपांतर सर्व्हर स्वतःच करतो.

४०४ विषयी आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. वॉर फाइलीचे जे नाव तेच पत्त्याचे पहिले पद होते, हा टॉमकॅटचा नियम. आणि मेव्हन या बांधणी-साधनाने तयार केलेल्या फाइलीच्या नावात आवृत्तीचा क्रमांक सामान्यतः जोडलेला असतो. त्यामुळे ॲप्लिकेशन सुखरूप चालू असते, फक्त ते क्रमांकासह असलेल्या लांबलचक पत्त्यावर चालू असते, आणि आपण छोट्या पत्त्यावर त्याची वाट पाहत बसतो. त्याचप्रमाणे डॉकरवरील टॉमकॅटची अधिकृत प्रतिमा नव्याने चालविणाऱ्याला पहिल्याच भेटीत ४०४ दिसतो तो दोष नव्हे. त्या प्रतिमेत नेहमीची ॲप्लिकेशने मुद्दाम दुसऱ्या फोल्डरात काढून ठेवलेली असतात.

लॉग वाचणे हे या विद्येचे हृदय आहे, आणि त्याविषयीची अनास्था पाहून मला मनापासून खेद होतो. टॉमकॅट एकाहून अधिक लॉग ठेवतो. सर्व्हरच्या सर्वसाधारण हालचाली कॅटलिनाच्या लॉगमध्ये जातात. परंतु ॲप्लिकेशनच्या आत, विशेषतः ते सुरू होत असताना, जे काही फसते त्याची तपशीलवार हकीकत नेहमीच्या मांडणीत ‘लोकलहोस्ट’ नावाच्या निराळ्या लॉगमध्ये जाते. एक किंवा अधिक लिसनर सुरू होऊ शकले नाहीत, सविस्तर माहिती योग्य त्या लॉगमध्ये मिळेल, अशा अर्थाची ओळ कॅटलिनामध्ये वाचून हताश झालेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्या ओळीने ज्याचा निर्देश केला तो लॉग त्याच फोल्डरात, दोन नावांपलीकडे, न उघडलेला पडलेला असतो. दुसरी गोष्ट, जावामध्ये एक अपवाद दुसऱ्याच्या पोटात बांधून वर पाठविण्याची सोय १.४ या आवृत्तीपासून आहे, आणि म्हणून स्टॅक ट्रेसमध्ये ‘कॉज्ड बाय’ अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळी एकाखाली एक येतात. सर्वांत वरची ओळ सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याने काढलेल्या सारांशासारखी मोघम असते. मूळ घटना सर्वांत खालच्या ‘कॉज्ड बाय’मध्ये असते. तिसरी गोष्ट काळाच्या क्रमाची. एक गोष्ट फसली की तिच्यावर अवलंबून असलेल्या दहा गोष्टी फसतात, आणि लॉगच्या तळाशी दिसतात त्या या दहा. यास्तव सर्व्हर सुरू झाल्याच्या ओळीपासून खाली येत जी पहिली गंभीर नोंद आढळेल तिच्यापाशी थांबावे. थोडक्यात, लॉगमध्ये सर्वांत आधीची घटना शोधावी आणि त्या घटनेत सर्वांत आतले कारण शोधावे.

काही बिघडले की लगेच सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करणे, ‘वर्क’ फोल्डर पुसून टाकणे, वॉर फाइल पुन्हा चढविणे, हा क्रम कित्येक ठिकाणी जणू कायदाच होऊन बसला आहे. या क्रियांनी कधी कधी दोष जातो, हे मला मान्य आहे. उदाहरणार्थ, वॉर फाइलीच्या शेजारी तिचे उलगडलेले जुने फोल्डर राहून गेले असेल आणि टॉमकॅटची आवृत्ती जुनी असेल, तर नवी फाइल ठेवूनही जुनेच ॲप्लिकेशन चालत राहते, आणि ते फोल्डर काढून टाकणे हाच तेथे योग्य उपाय होय. परंतु कोणता दोष गेला आणि कोणत्या क्रियेने गेला हे न कळता तो गेला, तर तो परत येईल तेव्हा आपण आज आहोत तेथेच असू. शिवाय पुसून टाकलेल्या फोल्डराबरोबर पुरावाही नष्ट झालेला असतो. पुसण्यापूर्वी त्या फोल्डराची आणि लॉगांची एक प्रत बाजूला ठेवण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. आणि एका वेळी एकच बदल करावा, हा नियम कितीही जुना असला तरी तो मोडण्याचा मोह रात्री उशिरा सर्वांना होतो, म्हणून तो येथे पुन्हा लिहिला आहे.

आवृत्त्यांच्या विसंगतीचे प्रकरण त्या मानाने सोपे आहे. जावाच्या प्रत्येक क्लास फाइलीच्या आरंभी ती कोणत्या आवृत्तीसाठी कंपाइल झाली याचा क्रमांक कोरलेला असतो: जावा ८ साठी ५२, ११ साठी ५५, १७ साठी ६१, २१ साठी ६५. सर्व्हरवरील जावा जुनी असेल तर ती हा क्रमांक पाहून क्लास नाकारते, आणि नाकारताना दोन्ही क्रमांक सांगते. दोष इतक्या प्रामाणिकपणे स्वतःची कैफियत देतो असे दुसरे उदाहरण क्वचितच मिळेल. याउलट एखादी मेथड अस्तित्वात नाही अशी तक्रार आली, तर बहुधा एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या एकदम हजर आहेत असे समजावे. टॉमकॅट ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या ‘क्लासेस’ व ‘लिब’ फोल्डरांना आपल्या सामायिक ‘लिब’हून अग्रमान देतो, परंतु जावाच्या मूळ क्लासना व सर्व्हलेटच्या क्लासना हा नियम लागू नाही, आणि हा अपवाद माहीत नसल्याने होणारे घोटाळे दुसऱ्या प्रकरणात सविस्तर दिले आहेत.

मराठी वाचकाला विशेष जवळचा असा एक विषय मात्र मी कोणत्याही इंग्रजी पुस्तकापेक्षा विस्ताराने घेतला आहे, तो म्हणजे देवनागरी अक्षरांची डिप्लॉयमेंटनंतर होणारी दुर्दशा. ग्रामपंचायतीचे दाखले, सहकारी संस्थेच्या सभासदांची नावे, शाळेची प्रगतिपुस्तके असे काही ज्याने जावाच्या वेब-ॲप्लिकेशनमधून छापून काढले असेल, त्याला या दुर्दशेची दोन रूपे परिचित असतील: एकात प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते, दुसऱ्यात प्रत्येक अक्षराच्या जागी तीन तीन विचित्र रोमन चिन्हे येतात. ही दोन रूपे सारखीच वाईट दिसतात, परंतु तपासाच्या दृष्टीने त्यांच्यात मोठे अंतर आहे. यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांनी लिहिले जाते. तीन चिन्हे दिसतात तेथे ते तिन्ही बाइट शाबूत आहेत, फक्त कोणीतरी ते एकेक सुटे वाचले आहेत. मजकूर जिवंत आहे, वाचणाऱ्याला योग्य संकेत सांगितला की तो परत येतो. प्रश्नचिन्ह दिसते तेथे मात्र देवनागरी अक्षर मुळातच ज्या संकेतात नाही अशा संकेतात लिहिण्याचा प्रयत्न झाला आहे, आणि मूळ अक्षर त्या क्षणी नाहीसे झाले आहे; असा मजकूर डेटाबेसमध्ये जाऊन बसला असेल, तर कोणत्याही उपायाने तो परत मिळत नाही.

टॉमकॅट ९ वरील सॅम्पलमध्ये हे दोन्ही प्रकार हाताने घडवून आणता येतात. जेएसपीमध्ये एक मराठी वाक्य लिहा, फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, आणि पानाच्या संकेताचा उल्लेख कोठेही करू नका: जेएसपीचा गृहीत संकेत आयएसओ-८८५९-१ असल्यामुळे प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर म्हणून वाचला जातो व तसाच बाहेर जातो, आणि ब्राउझरात तीन तीन चिन्हांची रांग दिसते. तेच वाक्य सर्व्हलेटमध्ये लिहा आणि उत्तराचा संकेत न सांगता पाठवा: येथे जावाजवळ खरी देवनागरी अक्षरे आहेत, पण ती आयएसओ-८८५९-१ मध्ये लिहिता येत नाहीत, म्हणून प्रश्नचिन्हे बाहेर पडतात. उणीव एकच, संकेत न सांगण्याची, रूपे दोन. याच्या भरीला तिसरी जागा कंपायलरची. जावा १८ येईपर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत, मूळ कोडचा संकेत सांगितला नसेल तर कंपायलर त्या त्या ऑपरेटिंग सिस्टीमचा संकेत गृहीत धरीत असे, आणि विंडोजवर तो बहुधा यूटीएफ-८ नसे. त्यामुळे विंडोजच्या लॅपटॉपवर कंपाइल झालेल्या क्लासमध्ये मराठी वाक्य आधीच विस्कटलेले असे, आणि नंतर सर्व्हरवर केलेले सर्व उपाय व्यर्थ जात. फॉर्ममधून आलेल्या मजकुराची चौथी जागा आहे, आणि पत्त्यातून आलेल्या मजकुराची पाचवी. टॉमकॅट ८ पासून पत्त्याचा गृहीत संकेत यूटीएफ-८ आहे, त्यापूर्वी तो तसा नव्हता. आपल्या भाषेतील माणसाचे नाव त्याच्या दाखल्यावर शुद्ध उमटावे, ही अपेक्षा मोठी नाही. आणि ती पुरी करण्यासाठी लागणारे ज्ञान एवढेच आहे.

डेटाबेसशी जोडणी, मेमरीचा ऱ्हास, पोर्ट आधीच दुसऱ्याने घेतलेले असणे, टॉमकॅटच्या मॅनेजरमधून वॉर फाइल चढविताना तिचा आकार मूळच्या पन्नास मेगाबाइटांच्या मर्यादेबाहेर जाणे, विंडोजवर चाललेल्या फाइलींच्या नावांतील लहानमोठी अक्षरे लिनक्सवर आडवी येणे, यांची प्रकरणे पुढे आहेतच. त्यांपैकी डेटाबेसच्या प्रकरणाविषयी एवढेच सांगतो की, रिकाम्या नावाचा ड्रायव्हर ‘नल’ या पत्त्यासाठी तयार करता येत नाही, अशा आशयाचा जो सुप्रसिद्ध निरोप येतो, त्याचा ड्रायव्हरशी बहुधा काहीही संबंध नसतो. ॲप्लिकेशनने ज्या नावाने डेटासोर्स मागितला त्या नावाची व्याख्या सर्व्हरच्या दप्तरी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हल्ली टॉमकॅट वेगळा न ठेवता ॲप्लिकेशनच्याच पोटात घालून एक जार फाइल चालविण्याची रीत स्प्रिंग बूटमुळे सर्वत्र रूढ झाली आहे, आणि मग हे सारे जुने ज्ञान कशाला, असा प्रश्न विचारला जाईल. त्या रीतीने करारातील एक पक्ष दुसऱ्याच्या घरात राहावयास आला, एवढेच झाले. २०२२ च्या नोव्हेंबरात स्प्रिंग बूट ३ आले तेव्हा त्याने जावा १७ ची अट घातली व जकार्ताची नवी नावे स्वीकारली, आणि वर वर्णिलेला नावांचा घोटाळा तेथेही जसाच्या तसा झाला; ‘कॉज्ड बाय’ तेथेही खालूनच वाचावे लागते. शिवाय बँका, विद्यापीठे व सरकारी कचेऱ्या यांच्याकडील जुनी वॉर-ॲप्लिकेशने अद्याप चालू आहेत, आणि ती सांभाळणाऱ्या माणसांसाठी लिहिणारे फार थोडे आहेत. हे पुस्तक प्रथम त्यांच्यासाठी आहे.

वाचकास एक विनंती आहे. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी त्याने टॉमकॅट ९ आणि टॉमकॅट १० ही दोन्ही आपल्या संगणकावर वेगवेगळ्या फोल्डरांत उतरवून घ्यावीत, दुसऱ्याचे पोर्ट बदलून ठेवावेत म्हणजे दोन्ही एका वेळी चालतील, आणि दोन्हींत टॉमकॅट ९ चे सॅम्पल ठेवून तिन्ही जागा उघडून पाहाव्यात. पाच जागा उघडतील व एक अडेल. ती का अडली हे वर सांगितले आहे. तरीही लोकलहोस्टचा लॉग उघडून, सर्वांत आतले कारण स्वतःच्या डोळ्यांनी वाचून, मगच पुढील पान उलटावे.